सॅनचा पहिला रिपोर्ट: सॅन हेल्थ चालवण्यापासून दोन पानी अहवालापर्यंत

स्टोरेज टीममध्ये रुजू होऊन पंधरा दिवस झाले की सॅनचा, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचा, रिपोर्ट काढायचं काम बहुतेकांच्या वाट्याला येतंच. सीनियर जाता जाता म्हणतात, "अरे, सॅनचा एक रिपोर्ट काढून ठेव, ऑडिट आहे." कशाचा रिपोर्ट, कुणासाठी, हे विचारायच्या आत ते मीटिंगला गेलेले असतात. मग आपण टूल शोधतो, चालवतो, ढीगभर टॅबची एक्सेल फाइल हाती येते आणि ती तशीच मेलला जोडून पाठवून देतो. कुणीही उघडत नाही. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं.

म्हणून इथे टूल कसं चालवायचं ते थोडक्यात सांगतो, आणि फाइल हातात आल्यावर ती कशी वाचायची यावर जास्त वेळ घालवतो. उदाहरण ब्रोकेड स्विचचं घेतलंय, कारण आपल्याकडच्या बँका आणि डेटा सेंटरमध्ये ते खूप दिसतात. टूल आहे सॅन हेल्थ, फुकट मिळणारं. ब्रोकेड ही १९९५ सालची कंपनी, २०१७ मध्ये ब्रॉडकॉमने ती घेतली. त्यामुळे जुन्या कागदपत्रांवर ब्रोकेडचं नाव आणि डाउनलोड मात्र ब्रॉडकॉमच्या सपोर्ट पोर्टलवर, असा मामला आहे, गोंधळू नका. तुमच्याकडे सिस्कोचे एमडीएस स्विच असतील तर टूल आणि कमांड बदलतील, वाचायची पद्धत तीच राहील.

कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. स्विचवर ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची.

आधी चित्र डोक्यात बसवा

सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामधलं स्वतंत्र नेटवर्क. ऑफिसच्या लॅनशी त्याचा संबंध नाही. सर्व्हरमध्ये सॅनला जोडणारं एचबीए कार्ड, त्यातून फायबर केबल स्विचला, स्विचमधून दुसरी केबल स्टोरेजला. प्रत्येक पोर्टला डब्ल्यूडब्ल्यूएन नावाचा ६४ बिटांचा पत्ता असतो, तो दोन-दोन अंकांच्या आठ जोड्यांत लिहितात. कोणत्या सर्व्हरने कोणतं स्टोरेज बघायचं हे झोनिंग ठरवतं.

आणि हे सगळं दोनदा असतं: स्विचची दोन वेगळी जाळी, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी. एक पडलं तर दुसऱ्यातून काम चालावं म्हणून. इथे मला नेहमी मुंबई-पुणे प्रवास आठवतो. एक्सप्रेसवे आणि जुना हायवे असे दोन रस्ते आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो, पण आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत घाटात दोन्हींची वाहतूक एकाच रस्त्यावर यायची, आणि तिथे कंटेनर उलटला की दोन्ही रस्ते बंद. 'मिसिंग लिंक'चा घाट घातला गेला तो त्यासाठीच. सॅनमध्येही ए आणि बी कुठेतरी गुपचूप एकत्र येतात का, हे शोधणं रिपोर्टचं पहिलं काम. एकाच एचबीए कार्डाचे दोन पोर्ट दोन फॅब्रिकला लावलेले असतात आणि कागदावर सगळं दुहेरी दिसतं. कार्ड जळलं की दोन्ही वाटा एकदम जातात.

कॅप्चर घेण्याआधी

सॅन हेल्थ स्विचवर काही बदलत नाही, फक्त माहिती वाचतं. या वाचनालाच कॅप्चर म्हणतात. तरीही न विचारता चालवू नका. याचं कारण तांत्रिक नाही. कॅप्चर झालं की बीएसएच एक्स्टेन्शनची एक एन्क्रिप्टेड फाइल तयार होते, ती ब्रॉडकॉमच्या सर्व्हरवर अपलोड करावी लागते, आणि तिथे प्रक्रिया होऊन एक्सेल रिपोर्ट आणि व्हिजिओमधला नकाशा तुम्हाला परत मिळतो. म्हणजे तुमच्या स्विचचे आयपी, सर्व्हरची नावं, डब्ल्यूडब्ल्यूएन हे सगळं संस्थेच्या बाहेर जातं. बँकेत असाल तर इन्फोसेकची (माहिती सुरक्षा टीमची) लेखी परवानगी घ्या. "फुकट टूल आहे, सगळेच वापरतात" हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

परवानगी येईपर्यंत स्विचची घड्याळं तपासा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मी तिच्यावर तासन्‌तास घालवलेत. काही स्विच यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतात, काही आपल्या वेळेवर, एखादं जुनं स्विच भलत्याच वर्षात. स्विचच्या लॉगमध्ये २०:३० ला एरर दिसली आणि घड्याळ यूटीसीवर असेल तर ती आपल्याकडे रात्री २ वाजता आलेली आहे, म्हणजे बॅकअप चालू असताना. साडेपाच तासांच्या या फरकामुळे भलत्याच टीमवर खापर फुटतं. टीएसक्लॉकसर्व्हर कमांडने एनटीपी (घड्याळं आपोआप जुळवणारी सोय) लावलंय का ते बघा.

तिसरी गोष्ट व्हर्च्युअल फॅब्रिकची. एका मोठ्या स्विचचे तुकडे करून त्यांना वेगवेगळ्या एफआयडी, म्हणजे फॅब्रिकचे क्रमांक, दिलेल्या असू शकतात. मूळची एफआयडी १२८ असते. तुमच्या लॉगिनला सगळ्या एफआयडी दिसत नसतील तर टूलला जे दिसेल तेवढंच रिपोर्टमध्ये येईल, आणि अर्धं सॅन गायब आहे हे तुम्हाला कळणारही नाही. अकाउंट मागताना हे स्पष्ट लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचं: काउंटर. स्विचवरचे एररचे आकडे साचत जातात, कुणी शून्य करेपर्यंत. आमच्या एका जुन्या साइटवर एका पोर्टवर सीआरसी एररचा (म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाचा) भलामोठा आकडा दिसला. एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा, केबलमध्ये प्रकाश सोडणारा छोटा भाग) बदलला, केबल बदलली, सर्व्हरवाल्यांशी भांडण झालं. शेवटी एकाने जुन्या मेल उकरल्या, तेव्हा कळलं की तो सगळा ढीग खराब केबलचा होता आणि ती केबल दोन वर्षांपूर्वीच बदललेली. त्यानंतर एकही नवीन एरर आलेली नव्हती. आम्ही मेलेल्या रोग्याचं बीपी मोजत होतो.

म्हणून एकतर कॅप्चरच्या आठवडाभर आधी काउंटर शून्य करा, किंवा आठवड्याच्या अंतराने दोन कॅप्चर घ्या आणि वजाबाकी करा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात काही पुसावं लागत नाही. एखादी केस चालू असताना काउंटर पुसलेत तर पुरावा गेला. पुसायचेच असतील तर त्याआधी प्रत्येक स्विचचा सपोर्टसेव्ह (लॉग आणि आकड्यांचा संच) काढून ठेवा.

टूल चालवणं

हा भाग सोपा आहे. मॅनेजमेंट नेटवर्कपर्यंत पोचणाऱ्या विंडोज मशीनवर टूल बसवा. संस्थेचं आणि संपर्काचं नाव नीट भरा, कारण तेच रिपोर्टवर छापून येतं. फॅब्रिकमधल्या एका स्विचचा आयपी आणि लॉगिन दिलं की बाकीचे स्विच ते हुडकतं. हुडकलेली यादी तुमच्या स्वतःच्या यादीशी ताडून बघा. फॅब्रिकशो कमांड जेवढे स्विच दाखवते तेवढे सगळे आले का? मग दुसऱ्या फॅब्रिकचं तसंच.

परफॉर्मन्स कॅप्चरचा पर्याय असतो तो चालू करा, आणि वेळ विचार करून निवडा. दुपारी ३ ला अर्धा तास मोजलंत तर सॅन कायम झोपलेलंच दिसेल. खरी कसोटी रात्रीचा बॅकअप आणि बँकेतली दिवसअखेरची प्रक्रिया. ३१ मार्चच्या आसपास घेतलेलं कॅप्चर तर सोन्यासारखं, फक्त त्या दिवशी कुणी तुम्हाला स्विचजवळ फिरकू देत नाही.

फाइल आली, आता कुठून सुरुवात?

पहिल्या टॅबपासून शेवटच्यापर्यंत वाचत बसू नका. आधी नकाशा उघडा, छापून घ्या, आणि प्रत्यक्ष रॅकशी जुळवा. दोन स्विचमधल्या जोडणीला आयएसएल म्हणतात. दोन आयएसएल असायला हव्यात तिथे एकच दिसते का? ए आणि बी यांच्यामध्ये एखादी रेघ दिसते का? दिसली तर बाकी सगळं सोडून आधी तिचा छडा लावा.

मग दोन्ही फॅब्रिकमधल्या सर्व्हरची यादी एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी ठेवा आणि व्हीलूकअपने जुळवा. ए मध्ये आहे पण बी मध्ये नाही, असे सर्व्हर वर येतील. टूल हे तुमच्यासाठी करून देईल अशी आशा धरू नका. नावं कशी ठेवलीत ते तुमच्याच टीमला ठाऊक असतं. एक लक्षात ठेवा: फॅब्रिकमध्ये पोर्ट लॉगिन झालेला दिसला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला तो मार्ग वापरता येतोच असं नाही. मल्टिपाथची (एकाच स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक मार्गांची) स्थिती सर्व्हरवर जाऊनच बघावी लागते.

फर्मवेअर, लायसन्स, रिकामे पोर्ट हे एका तक्त्यात उतरवा आणि पुढे चला. एकाच फॅब्रिकमधल्या स्विचवर वेगवेगळी फर्मवेअर असेल तर तेवढी नोंद करा.

पोर्टच्या एरर

इथे थांबायला हवं. रिपोर्टमध्ये जे रकाने दिसतात तेच स्विचवर पोर्टएररशो कमांडने येतात, आणि नवखा माणूस सगळ्यांना सारखंच घाबरतो.

लिंक फेल, लॉस ऑफ सिंक, लॉस ऑफ सिग्नल हे आकडे सर्व्हर रीबूट झाला तरी वाढतात. सर्व्हर टीमकडून पॅचिंगच्या तारखा मागवा. आकडे त्या तारखांना वाढले असतील तर विषय संपला. अधल्यामधल्या दिवशी, कुणी हात न लावता वाढत असतील तर बघायला लागा.

सीआरसी एरर म्हणजे फ्रेम (डेटाचं एक पाकीट) वाटेत खराब झाली. पण कुठे? त्यासाठी शेजारचा रकाना, सीआरसी जी-ईओएफ, म्हणजे शेपूट (फ्रेमचा शेवट) ठीक असलेल्या खराब फ्रेम. खराब फ्रेम ज्या स्विचला पहिल्यांदा सापडते, तो तिच्या शेपटावर 'बाद' असा शिक्का मारून पुढे पाठवतो. पुढच्या स्विचवर त्या फ्रेमची सीआरसी एरर मोजली जाते, पण शेपूट आधीच बाद असल्यामुळे जी-ईओएफमध्ये ती धरली जात नाही. म्हणून नुसता सीआरसीचा आकडा वाढतोय आणि जी-ईओएफ शून्य आहे, तर हा पोर्ट निरपराध. घाण मागून आली आहे. दोन्ही सोबत वाढत असतील तर दोष याच केबलवर, याच्या एसएफपीत किंवा समोरच्या टोकाच्या एसएफपीत. एवढा एक फरक कळला तरी अर्धी मारामारी वाचते.

एन्कोडिंगचे रकाने, एन्क इन आणि एन्क आउट, ८ जीबीपर्यंतच्या (इथे जीबी म्हणजे सेकंदाला गिगाबिट) पोर्टवर कामाचे. १६ जीबीपासून एन्कोडिंगची पद्धत बदलली, तिथे पीसीएस एररचा रकाना बघा. नवीन स्विचवर एन्क आउट शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका.

दोषी पोर्ट सापडला की एसएफपीशो चालवा. त्यात येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते आणि त्याच एसएफपीच्या इशाऱ्याच्या मर्यादाही छापलेल्या असतात. मोजमाप डीबीएममध्ये असतं. ३ डीबीने घट म्हणजे प्रकाश निम्मा. शेजारच्या तशाच पोर्टपेक्षा हा पोर्ट बराच खाली असेल तर पहिला संशय धुळीवर. आपल्याकडे डेटा सेंटरच्या शेजारच्या मजल्यावर कायम काहीतरी फोडकाम चालू असतं, त्यामुळे हा संशय बहुधा खरा ठरतो.

दुरुस्तीचा क्रम: आधी कनेक्टर क्लीनरने साफ करा, मग पॅच कॉर्ड बदला, मग एसएफपी, शेवटी एचबीए. एका वेळी एकच गोष्ट. प्रत्येक बदलानंतर फक्त त्या पोर्टचे काउंटर शून्य करून दिवसभर थांबा. सगळ्या गोष्टी एकदम बदलल्या तर एरर जाईल, पण कशाने गेली ते कळणार नाही, आणि खराब एसएफपी सुट्या भागांच्या डब्यात जाऊन पुन्हा कुठेतरी उगवेल.

केबलची लांबीही बघा. ओएम३ या प्रकारच्या फायबर केबलवर ८ जीबी वेग १५० मीटरपर्यंत चालतो, १६ जीबी १०० मीटर, ३२ जीबी फक्त ७० मीटर. स्विच नवा घेतला, एसएफपी नवा घेतला, केबल मात्र दहा वर्षांपूर्वीची आणि दोन हॉलमधून वळसे घेत गेलेली, असं सर्रास घडतं. ओएम४ असेल तर ३२ जीबी १०० मीटरपर्यंत जातो.

एरर नाही, तरी सगळं मंद

ही तक्रार सगळ्यात अवघड आणि माझ्या मते रिपोर्ट काढण्याचं खरं कारण. डेटाबेसवाले म्हणतात स्टोरेज मंद, स्टोरेज म्हणतं मी एका मिलिसेकंदात उत्तर देतोय, आणि स्विचवर एकही सीआरसी नाही.

फायबर चॅनलमध्ये, म्हणजे सॅन ज्या पद्धतीने डेटा पाठवतं त्यात, समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवतच नाहीत. प्रत्येक जोडणीवर ठरावीक बफर क्रेडिट असतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट कमी, समोरच्याने जागा मोकळी केली की क्रेडिट परत. फ्रेम छोटी असो वा मोठी, क्रेडिट एकच खर्च होतं. एखादा सर्व्हर आलेला डेटा वेळेवर उचलत नसेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या फ्रेम स्विचमध्ये तुंबतात, त्या मागे आयएसएलपर्यंत तुंबतात, आणि त्याच आयएसएलवरून जाणारे बाकीचे सर्व्हर विनाकारण अडकतात. यालाच स्लो ड्रेन म्हणतात. दादरच्या जिन्यावर एक जण मोबाइल बघत थांबला की प्लॅटफॉर्मवर काय होतं, तेच.

बघायचा काउंटर पोर्टस्टॅट्सशोमध्ये आहे: टिम टीएक्ससीआरडी झेड. पाठवायला फ्रेम तयार आहे पण क्रेडिट शून्य, अशा वेळी तो वाढतो. प्रत्येक टिक २.५ मायक्रोसेकंदांची. आकडा करोडोंत दिसला की धडकी भरते, म्हणून हिशेब करा. तासाभरात ४ कोटींनी वाढला, तर ४ कोटी गुणिले २.५ मायक्रोसेकंद म्हणजे १०० सेकंद. ३,६०० पैकी १०० सेकंद, जेमतेम तीन टक्के. हेच १०० सेकंद रात्री १ ते १:०५ मध्ये एकवटले असतील तर मात्र त्या पाच मिनिटांतला तिसरा हिस्सा पोर्ट अडून होता. म्हणून इथेही वजाबाकी हवी, आणि तीही छोट्या अंतराने.

शोधताना आयएसएलवर थांबू नका. आयएसएलवर क्रेडिट शून्य होतंय म्हणजे गुन्हेगार पुढच्या स्विचवर आहे. तिकडे जा, सर्व्हरला जोडलेले पोर्ट बघा, ज्या पोर्टवर हा आकडा सर्वांत वेगाने वाढतोय तोच पत्ता. बहुतेक वेळा तिथे जुनं ८ जीबीचं एचबीए निघतं, जे ३२ जीबीच्या नव्या स्टोरेजकडून एका दमात मोठमोठे रीड मागतं आणि मग गिळू शकत नाही. सी३ डिस्कार्डचा रकानाही त्याच पोर्टवर वाढत असेल तर फ्रेम फेकून द्यायची वेळ आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर.

वेगाचे आलेख वाचताना ठोकताळा लक्षात ठेवा: ८ जीबी पोर्ट म्हणजे एका दिशेने सुमारे ८०० मेगाबाइट प्रतिसेकंद, १६ म्हणजे १,६००, ३२ म्हणजे ३,२००. सरासरी बघून निष्कर्ष काढू नका. दिवसभराच्या सरासरीत रात्रीची अर्ध्या तासाची कोंडी विरघळून जाते.

झोनिंगची साफसफाई, आणि एक धोका

रिपोर्ट तुम्हाला कुठेच न वापरलेले एलियस (पत्त्यांना दिलेली नावं), सदस्य नसलेले झोन आणि लॉगिन नसलेले डब्ल्यूडब्ल्यूएन काढून देतो. यादी लांबलचक असते आणि ती साफ करायचा मोह होतो. जरा दमानं.

आयबीएम पॉवर सर्व्हरवरच्या प्रत्येक व्हर्च्युअल फायबर चॅनल अडॅप्टरला दोन डब्ल्यूडब्ल्यूएन मिळतात. नेहमी एकच लॉगिन असतो. दुसरा जागा होतो तो एलपार (त्या सर्व्हरचा एक व्हर्च्युअल भाग) चालू अवस्थेत एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवताना. रिपोर्टच्या दृष्टीने तो मेलेला. तुम्ही झोनमधून काढलात की काही महिने काहीच होत नाही, आणि मग एका शनिवारी रात्री मायग्रेशन अडकतं. माझ्या हातून हे झालंय. तो शनिवार आणि त्यानंतरचा रविवार मी विसरलेलो नाही. सी०:५०:७६ ने सुरू होणारे पत्ते दिसले की हात आवरा. क्लस्टरचा झोपलेला नोड आणि डीआरचे (आपत्तीसाठी राखलेल्या साइटचे) पोर्ट यांनाही हाच नियम.

पत्त्याच्या सुरुवातीवरून उत्पादक ओळखता येतो: १०:००:००:००:सी९ एम्युलेक्स, २१:००:००:२४:एफएफ क्यूलॉजिक. चार-सहा पाठ झाले की यादी वाचायला सोपी जाते. पुसण्याआधी एकदा मालक टीमची लेखी संमती घ्या, आणि जुनं झोन कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून ठेवा.

शेवटी, पाठवायचा रिपोर्ट

टूलची फाइल जोडायची, पण खाली परिशिष्ट म्हणून. वर दोन पानं तुमची. पहिल्या पानावर नकाशा आणि फक्त तातडीच्या गोष्टी. दुसऱ्यावर बाकी निरीक्षणं. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: काय दिसलं, कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान, त्याने काय अडतं, आणि कुणी काय करायचं. "पोर्ट ३/१७ वर सीआरसी एरर आढळल्या" ही ओळ कुणालाच हलवत नाही. "स्विच ए-१ च्या पोर्ट ३/१७ वर ४ ते ११ तारखेदरम्यान ६१२ नव्या सीआरसी एरर, जी-ईओएफसह, कोअर डेटाबेसचा ए बाजूचा मार्ग यावर आहे, केबल सफाईसाठी शनिवारी अर्धा तास हवा, सर्व्हर टीमने मार्ग आधी बी वर न्यावा" असं लिहिलं की कामाचा माणूस लगेच उत्तर देतो. ज्या ओळीपुढे कुणाचं नाव लिहिता येत नाही ती परिशिष्टात ढकला.

बीएसएच फाइल, एक्सेल आणि नकाशा तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. पुढच्या महिन्यात दुसरं कॅप्चर घ्याल तेव्हा पहिलं काम म्हणून याच महिन्याची एररची शीट शेजारी उघडा आणि तिसरा रकाना फरकाचा टाका. शून्य आलेल्या ओळी लपवा. उरलेल्या पाच-दहा ओळींवर काम सुरू.